पणजीचे खिळे

ब्रिस्टलला ॲशली डाउनमध्ये घर घेतलं ते निव्वळ भाडं परवडलं म्हणून. टेकडीवरच्या अवाढव्य दगडी इमारती कसल्या, ते शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं. जॉर्ज म्युलरचं अनाथालय. १८७० पर्यंत पाच इमारती, २०५० मुलांची सोय, आणि त्यासाठी या माणसाने कधी कुणापुढे हात पसरला नाही. हे नाव मी लहानपणी आजीकडून ऐकलं होतं.

आजीची आई, माझी पणजी, मध्य प्रांतातली. १८९७ च्या दुष्काळात तिच्या घरचं कुणी उरलं नाही. पंडिता रमाबाईंनी तिथून ज्या मुली आणल्या, त्यांत ती केडगावला आली. पुढे तिथे रमाबाईंच्या ‘मुक्ती’ संस्थेच्या छापखान्यात ती खिळे जुळवायला शिकली. उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय झाली, की म्हातारपणी पणजोबा पेपर उघडून बसले की ही समोरून तोच पेपर उलटा वाचायची आणि त्यांच्याआधी बातमी सांगून मोकळी व्हायची.

रमाबाईंनी म्युलरची हकिगत वाचली होती. निव्वळ देवाच्या भरवशावर असं काम हिंदुस्थानात चालेल का, हा प्रश्न त्यातून पडल्याचं त्यांनीच लिहून ठेवलंय.

‘केवढा योगायोग गं!’ मैत्रिणी म्हणतात. माझं इथे येणं योगायोगच. पण त्याआधीचं काहीही आपसूक घडलेलं नाही. तीच हकिगत इतर कितीजणांनी वाचून मिटून ठेवली असेल. रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील दुष्काळातच गेले होते. त्यांना स्वस्थ बसवलं नाही. हे देवाने करवलं, असं त्या म्हणाल्या असत्या. त्यांच्या श्रद्धेपुढे मी नमते, तरी दुष्काळी मुलखात फिरले ते पाय त्यांचेच होते. योगायोग म्हणून टाकलं, तर हे ऋण फेडायचं कुणाचं?

आई आली तेव्हा तिला इथल्या आर्नोस व्हेल दफनभूमीत नेलं. राजा राममोहन रॉय यांची छत्री तिथेच आहे. ती पाहून आम्ही म्युलरच्या कबरीकडे गेलो. ‘याला केडगावचं ठाऊक होतं का गं?’ आईने विचारलं. तो १८९८ च्या मार्चमध्ये गेला. पणजीचं त्याला कुठून ठाऊक असणार!

केडगावने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. दर मार्चला मी तिथे पैसे पाठवते, पणजीच्या नावाने.