व्यवसाय बदलला, पुंजी तीच

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी अचौर्य हे व्रत व्यापाऱ्याच्या गादीला सर्वांत जवळचे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे, देण्याघेण्याची मापे वेगळी ठेवणे आणि मालात भेसळ करणे यांचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. धर्म येथे थेट तराजूपर्यंत आला आहे. म्हणूनच घरातील मुलगा वडिलोपार्जित पेढी सोडून दुसऱ्या वाटेने निघतो, तेव्हा चिंता केवळ उत्पन्नाची नसते. पेढीबरोबर तिचे संस्कारही सुटतील काय, हा खरा प्रश्न असतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर सापडते. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ओगले यांच्या कारखान्याचे काचसामान आणि किर्लोस्करांचे नांगर यांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. चांगला विक्रेता माल पुढे करण्याआधी गिऱ्हाइकाची गरज ओळखतो. भाऊरावांना या फिरतीत जी गरज दिसली, ती त्यांच्याजवळच्या मालाने भागणारी नव्हती. शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर आला, तरी सावकाराचा कागद त्याला वाचता येत नव्हता.

१९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एकत्र जेवत. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळले. धान्याला पैसा उरला नाही, तेव्हा अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. आहारदान आणि ज्ञानदान त्या एका छपराखाली एकत्र आले. अपरिग्रहाचा अर्थ त्या माउलीने प्रवचनाविना शिकविला.

भाऊरावांच्या मदतीलाही व्यापाऱ्याची शिस्त होती. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थी श्रम करून शिकत असे. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नसे आणि देणाऱ्याला अहंकाराचा स्पर्श होत नसे. दान देताना आपल्या समाजाने हे विशेष ध्यानात ठेवावे. नावाची पाटी लागते, पण घेणाऱ्याचा स्वाभिमान पुष्कळदा त्या पाटीखाली दबून जातो.

फिरतीची सवय, माणसांची पारख, पैशापैशाचा हिशेब आणि दिलेला शब्द पाळणे ही विक्रेत्याची पुंजी भाऊरावांनी नव्या कार्यात जशीच्या तशी वापरली. म्हणून पेढी सोडू पाहणाऱ्या मुलाला अडविण्याआधी वडीलधाऱ्यांनी एकच गोष्ट पाहावी. मापाचा खरेपणा आणि दुसऱ्याची गरज ओळखणारी नजर त्याच्यापाशी आहे काय? ती असेल, तर त्याला आशीर्वाद देऊन निरोप द्यावा. नसेल, तर तो गादीवर बसून राहिला तरी घराण्याचा व्यापार बुडालाच म्हणावयाचा.