‘सध्या काय करतोस?’

नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील घरे पुन्हा भरून जातात. पुण्या-मुंबईला शिकणारी मुले-मुली नाशिकला परततात, कॅरल गायनाच्या तालमींना जोर चढतो आणि रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात माणसांचे घोळके बराच वेळ रेंगाळतात. या घोळक्यांतून एक प्रश्न हमखास कानी पडतो. ‘सध्या काय करतोस?’ शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला तोच प्रश्न ‘मग पुढे काय?’ अशा शब्दांत विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. पण गेली काही वर्षे मी पाहतो आहे, काही तरुण मंडळी अखेरच्या आशीर्वादाआधीच बाजूच्या दाराने निघून जातात. एकीला मी सहज कारण विचारले. ती म्हणाली, ‘‘फादर, पुढच्या दाराने गेले की पाच जणींना उत्तर द्यावे लागते. आणि उत्तर तर माझ्याकडे एकही नाही.’’

वडीलधाऱ्यांना हा प्रश्न इतका सोपा का वाटतो, याचे कारण आपल्या शहराच्या इतिहासात आहे. नाशिकरोडला १९२५ मध्ये सरकारी मुद्रणालय सुरू झाले आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना उभा राहिला. पुढे सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. त्या काळात ‘लागला’ या एका क्रियापदात आयुष्याची व्यवस्था सामावलेली असे. ‘प्रेसमध्ये लागला’ म्हटले की घर, लग्न आणि निवृत्तिवेतन यांची चिंता मिटली असे समजावे. ज्यांना असे लागता आले नाही ते सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून ‘कॉल’ची वाट पाहत. रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने मालकांवर घातले होते; परंतु तेथून आलेल्या उमेदवारालाच घ्यावे, असे बंधन त्या कायद्यात नव्हते. त्यामुळे अनेकांच्या नोंदणी-कार्डाच्या घड्या झिजल्या, पण कॉल आला नाही. आजच्या विद्यार्थ्यासमोर वेगळेच चित्र आहे. कंत्राटी काम, सहा महिन्यांचे प्रशिक्षण, महाविद्यालयात येऊन दोन दिवसांत निवड करून जाणाऱ्या कंपन्या आणि हातातल्या फोनवर दररोज दिसणारे मित्रांचे यश. ‘लागला’ या शब्दात त्याचे उत्तर मावत नाही.

मी तरुणांना सांगतो, ‘‘चार माणसांना भेटा, आपल्याला काय येते ते सांगा.’’ त्यावर हटकून उत्तर मिळते, ‘‘फादर, आमचा कुठे वशिला नाही.’’ येथे दोन गोष्टींची गल्लत होते. वशिला म्हणजे लायक माणसाची जागा दुसऱ्याला मिळवून देणे. ओळख म्हणजे लायक माणूस कोठे आहे हे काम देणाऱ्याला कळणे आणि काम कोठे आहे हे त्या माणसाला कळणे. पहिल्यात कोणाचा तरी हक्क बुडतो. दुसऱ्यात कोणाचेच नुकसान होत नाही.

या दोन्ही वाटा महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार भरती करणारा जॉबर बहुधा आपल्याच गावची, आपल्याच ओळखीची माणसे आणी. पण कामावर घेण्यासाठी आणि टिकवण्यासाठी दस्तुरीही उकळी. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली, तिचा एक हेतू जॉबरच्या या सत्तेला आळा घालणे हा होता. त्याच मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गोमंतकीयांचे ‘कूड’ होते. एकेका गावाचा एकेक कूड. आगबोटीवर काम शोधणारा गोव्याचा तरुण तेथे अल्प वर्गणीत राही, आपली पेटी ठेवी आणि रात्री सर्वांबरोबर रोझरीला बसे. कोणती कंपनी माणसे घेते आहे, कोणत्या बोटीवर स्वयंपाकी हवा आहे, ही बातमी सफरीवरून परतलेले गाववाले तेथेच सांगत. नवख्या मुलाला रीत शिकवणारे आणि त्याच्या बाजूने शब्द टाकणारेही तेच. काम मिळेपर्यंतचे रिकामे दिवस त्याला एकट्याने काढावे लागत नसत. नोकरीची बातमी आणि मनाचा आधार या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली मिळत, हे मला त्या कुडांचे खरे मोल वाटते.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या चोपन्न जणांना त्यांनी विचारले होते की, ज्याने ही बातमी दिली तो तुम्हांला किती वेळा भेटत असे? ‘वारंवार’ असे सांगणारे शेकडा सतराच्या आसपास निघाले. निम्म्याहून अधिक जणांनी ‘अधूनमधून’ म्हटले आणि शेकडा अठ्ठावीस जणांनी ‘क्वचित’. याचे कारण सरळ आहे. आपले जिवलग आपल्याच वर्तुळात वावरतात. आपल्याला जे ठाऊक तेच त्यांना ठाऊक. दूरचा परिचित दुसऱ्या वर्तुळात राहतो आणि तेथली बातमी आणतो. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइन या संकेतस्थळाच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. अगदी परका नव्हे आणि अगदी जवळचाही नव्हे, असा मधला परिचित सर्वाधिक उपयोगी ठरतो, असे त्यात आढळले. मात्र ज्या उद्योगांत संगणकाचा वापर कमी आहे, तेथे जवळच्या माणसांचे साहाय्य अधिक मोलाचे ठरले. नाशिकमध्ये दोन्ही प्रकारचे उद्योग आहेत, म्हणून दोन्ही प्रकारची माणसे आपल्याला हवीत.

हे सारे मला एका तरुणाच्या निमित्ताने नीट उमगले. त्याच्या अनुमतीने आणि त्याची ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो. वडील टेम्पोचालक. मुलाने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली, त्यासाठी आईची सोन्याची पोत गहाण पडली. अखेरच्या परीक्षेनंतर पाच महिने उलटले तरी नोकरी नव्हती. एके दिवशी फोनवर वडिलांनी विचारले आणि याच्या तोंडून निघून गेले, ‘‘पुण्याला लागलो.’’ पगाराचा आकडाही त्याने सांगून टाकला. नाताळात घरी आला तेव्हा ही बातमी साऱ्या आळीत पोहोचली होती. जो तो अभिनंदन करी. रात्री त्याला झोप लागत नसे आणि सकाळी अन्न जात नसे. पेंग्विनसारखी पांढरी-काळी नवी कपडे घालून तो आईबरोबर मिस्सेला येई. मान मात्र खाली.

तो माझ्याकडे आला तेव्हा नोकरी मागायलाच आला होता, म्हणजे खोट्याचे खरे करता यावे. माझ्याकडे नोकरी नव्हती. मी त्याला एवढेच म्हटले की, आधी घरी सांग. तुझ्यासाठी शब्द टाकू शकतील अशा प्रत्येक माणसाचे तोंड तूच बंद करून ठेवले आहेस. ज्याला नोकरी लागली आहे त्याला नोकरीची बातमी कोण देणार? त्याने विचारले, ‘‘तुम्ही बरोबर याल?’’ मी गेलो. वडिलांनी सर्व ऐकून घेतले आणि उठून बाहेर जाऊन टेम्पोपाशी उभे राहिले. बराच वेळ आत कोणी बोलले नाही. मग ते परत आले आणि म्हणाले, ‘‘अंबडच्या तीसेक कारखान्यांत मी वीस वर्षे माल पोहोचवतो. प्रत्येक फाटकावरचा माणूस मला नावाने हाक मारतो. मला कधी विचारलेस?’’

मुलाने आपल्या ओळखी मोजल्या होत्या, तेव्हा त्यात वडिलांचे नाव नव्हते. टेम्पो चालवणाऱ्याची ओळख ती काय, असे त्याला वाटले होते. जानेवारीत तो वडिलांबरोबर फाटकाफाटकांवर गेला. पहिल्या आठ ठिकाणी नकार मिळाला. नवव्या ठिकाणी, सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात, त्याला शिकाऊ म्हणून घेतले. विद्यावेतन त्याने फोनवर सांगितलेल्या पगाराच्या निम्म्याहून कमी होते. पोत अजून सुटलेली नाही. पण त्याला रात्री झोप लागते, असे त्याची आई सांगते.

ताण आणि ओळखी हे दोन वेगळे विषय आहेत, असे आपण समजतो. मला ते एकाच गाठीचे दोन पदर वाटतात. शरमेपोटी माणूस लपतो. लपल्यामुळे बातमी पोहोचत नाही. बातमी नसल्याने काम मिळत नाही आणि शरम वाढते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखवले की, संकटाची जात कोणतीही असो, शरीर ठरावीक रीतीने प्रतिसाद देते आणि ती अवस्था लांबली तर शरीर थकून जाते. म्हणून सुट्टीत घरी आलेल्या मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, तो मित्रांना टाळू लागला, तर त्याला आळशी म्हणण्याची घाई करू नये. जगणेच नको, असे शब्द त्याच्या तोंडी आले तर एक क्षणही दवडू नये. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांना गाठावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते.

आता तरुण मित्रांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. कॅरलच्या पथकाबरोबर तुम्ही आठवडाभरात कितीतरी घरांत जाता. कोठे परिचारिका असते, कोठे बँकेतील कारकून, कोठे लेथवर तीस वर्षे काम केलेला कारागीर, कोठे प्रेसमधून निवृत्त झालेले आजोबा. शंकरपाळ्यांची बशी समोर येते, तेव्हा त्यांना ‘नोकरी द्या’ म्हणू नका. त्यांच्या हाती नोकरी नसते आणि ते संकोचतात. ‘तुमच्या कामात दिवसभर काय करावे लागते? नव्या मुलाला काय आले पाहिजे? आणखी कोणाला भेटू?’ एवढेच विचारा. माणसे आपल्या कामाविषयी आनंदाने बोलतात. एका वहीत नाव, तारीख आणि मिळालेला सल्ला लिहून ठेवा. ज्याने वेळ दिला त्याला आठ दिवसांत पुन्हा भेटून किंवा दोन ओळी लिहून काय झाले ते कळवा. बहुतेक जण हेच विसरतात. दिवसाचे दोन तास या कामाला द्या आणि मग वही मिटा. उरलेली सुट्टी सुट्टीसारखीच घ्या.

शिकाऊ उमेदवारीला कमी लेखू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन पदवीधर व पदविकाधारकांसाठीही ही वाट मोकळी झाली. कमावत शिकणे हा कमीपणा नाही, हे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात कितीतरी गरीब मुलांना स्वावलंबनाचे धडे देऊन सिद्ध केले आहे. आणि एक इशारा: नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नका. परदेशी नोकरीचे आमिष असेल तर तो दलाल सरकारदरबारी नोंदलेला आहे काय, हे पाहिल्याशिवाय पासपोर्टही हाती देऊ नका. शेत विकून असे पैसे भरलेली आणि हात चोळत बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

माझ्याकडे शिफारसपत्रासाठी अनेक जण येतात. मी जे स्वतः पाहिले आहे तेवढेच लिहितो. हा मुलगा तीन वर्षे वेळेवर आला, वेदीच्या सामानाचा हिशेब चोख ठेवला, असे. ‘अत्यंत हुशार’ असे मोघम लिहिले तर ते कोणाच्याच कामी येत नाही. काहींना ते थोडे वाटते. पण एक खरा शब्द मालकाला विश्वासाचा वाटला तर पुढच्या मुलाच्या पत्रालाही मोल राहते.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे, आणि द्राक्षांच्या या जिल्ह्यात तो समजावून सांगावा लागत नाही. त्यातला धनी दिवसातून पाच वेळा चौकात जातो. अखेरच्या घटकेलाही जे उभे होते, त्यांना तो आधी विचारतो की, तुम्ही असे का थांबला आहात? त्याच्या प्रश्नापाठोपाठ काम येते. आपला प्रश्न मात्र बहुधा प्रश्नापाशीच थांबतो.

म्हणून पालकांना आणि शेजाऱ्यांना माझी विनंती आहे. या नाताळात ‘सध्या काय करतोस?’ एवढेच विचारून पुढच्या घोळक्याकडे वळू नका. ‘तुला कोणते काम आवडेल? त्यातले कोणी माझ्या माहितीत आहे का ते पाहतो,’ असे म्हणा; आणि खरोखर पाहा. एक नाव, एक पत्ता, एक फोन, एवढे प्रत्येक घराजवळ असतेच. मग मुले पुढच्या दाराने बाहेर पडतील.