एकटं पाठवायचं, पण कधी?

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या ऑफिसात दाखल्यासाठी पालकांची गर्दी होते. आम्ही मियाँ-बीवी दोघंही चिपळूण तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे ही गर्दी दरवर्षी पाहतो. मुलाचे अब्बा विचारतात, "सर, सायन्स घ्यावं की कॉमर्स?" मुलीची अम्मी विचारते, "मॅडम, रोज चिपळूणला एकटी कशी पाठवायची?" गावात शाळा दहावीपर्यंत आणि ज्युनियर कॉलेज २० किलोमीटरवर. कितीतरी हुशार मुलींचं शिक्षण गुणांमुळे नाही, या २० किलोमीटरमुळे थांबतं.

मुलीच्या बाबतीत हा प्रश्न निघतो आणि बहुतेक वेळा तिला घरी बसवूनच सुटतो. मुलाच्या बाबतीत तो निघतच नाही. खरं तर काळजी दोघांची करायला हवी. मुलगा चालत्या गाडीच्या दारात लोंबकळतो, खिशात पास असून वडापच्या जीपमागे उभा राहतो, अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर तिसरा म्हणून बसतो. अंगाशी येणारी माणसं मुलांनाही भेटतात. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलगा आणि मुलगी दोघांसाठी आहे.

आमची मुलगी गेल्या वर्षी अकरावीला गेली. धाकटा आठवीत आहे. वय किती झालं हे बघून आम्ही ठरवलं नाही. कुणी चौदाव्या वर्षी शहाणं असतं, तर कुणी सतराव्या वर्षी मोबाइलमध्ये डोकं घालून आपला स्टॉप मागे टाकतं. आम्ही दोघांसाठी सारख्याच काही गोष्टी पाहायचं ठरवलं.

पहिली गोष्ट, गाडीची पाटी वाचता येते का? आपली मुलं उर्दू झरझर वाचतात, पण एसटीची पाटी मराठीत असते आणि ती वाचायला दोन-तीन सेकंदच मिळतात. "मार्गे" म्हणजे काय, "जलद" गाडी आपल्या छोट्या थांब्यावर का थांबणार नाही, "विनंती थांबा" असेल तर हात दाखवावा लागतो, वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात मुक्काम करून सकाळी परत निघणारी. हे सगळं आम्ही आता मराठीच्या तासाला फळ्यावर वेळापत्रक लिहून शिकवतो.

दुसरी गोष्ट, घरचे दोन नंबर तोंडपाठ आहेत का? मोबाइलची बॅटरी संपली की त्यातले नंबरही संपले. दप्तराच्या आतल्या कप्प्यात १०० रुपये वेगळे, फक्त अडचणीसाठी.

तिसरी गोष्ट, अडलं तर कुणाला विचारायचं? वाटेल त्याला नाही. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत वाहतूक नियंत्रक असतो, गाडीत कंडक्टर असतो, शेजारी मुलंबाळं घेतलेल्या बायका असतात. ११२ आणि १०९८ हे नंबर कशासाठी आहेत, तेही माहीत हवं.

यासाठी आम्ही जून महिना दिला. पहिला आठवडा तिचे अब्बा त्याच गाडीत, पण मागच्या सीटवर. तिकीट, पास, उतरणं सगळं तिनंच करायचं. दुसऱ्या आठवड्यात अम्मी फक्त चिपळूणच्या स्टँडवर उभी. तिसऱ्या आठवड्यापासून दोन मैत्रिणींबरोबर आणि त्यानंतर एकटी. ज्या घरात दोघंही कामावर असतात, तिथे मामू, चाचा, मोठी बहीण कुणीही हे करू शकतं.

जुलैत पावसानं परीक्षा घेतली. रस्त्यावर झाड पडलं आणि संध्याकाळची गाडी आलीच नाही. चिपळूणच्या माणसाला २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आठवतो, त्यामुळे पावसात मूल बाहेर असलं की काळजाचं पाणी होतं. मुलीनं चौकशीच्या खिडकीत विचारलं, आम्हाला फोन केला, गावातल्या दोन बायका स्टँडवर होत्या त्यांच्याजवळ जाऊन बसली. रस्ता मोकळा झाल्यावर त्यांच्याबरोबरच आठ वाजता घरी आली.

खरी परीक्षा मात्र त्यानंतर झाली, आणि ती आमची होती. एका संध्याकाळी ती गप्प गप्प होती. जेवण झाल्यावर अम्मीला म्हणाली, गाडीत एक माणूस मुद्दाम अंगाला रेलत होता. ती उठली, मोठ्यानं कंडक्टरला सांगितलं आणि पुढे बायकांजवळ जाऊन उभी राहिली. हे ऐकून दादी म्हणाल्या, "बस झालं, उद्यापासून कॉलेज बंद." दादींचं बोलणं प्रेमापोटीच होतं. आम्ही त्यांना एवढंच म्हणालो, "अम्मी, तिनं काय चूक केली? आज सांगितलं म्हणून कॉलेज बंद झालं, तर पुढच्या वेळी ती सांगेल का?" दादी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सकाळी त्यांनीच तिचा डबा भरून दिला.

म्हणून चौथी गोष्ट आम्ही सगळ्यात वर ठेवतो. घडलेलं मूल घरी येऊन सांगतं का? ते सांगेल की नाही हे त्याच्यापेक्षा आपल्यावर जास्त अवलंबून आहे. गाडीत कुणी स्कार्फवरून बोललं, कुणी नावावरून टोमणा मारला, पाकीट हरवलं, चुकीच्या गाडीत बसलो, हे सांगितल्यावर आधी पाणी द्या, मग ऐका. सल्ला आणि ओरडा उद्यासाठी ठेवा. ज्या घरात ऐकलं जातं, त्या घरातलं मूल लवकर तयार होतं.

काही पालक महरमचा सवाल काढतात. तो आपल्या दीनचा सवाल आहे, टाळू नये. लांबच्या सफरीचा मसला आणि रोजची २० किलोमीटरची ये-जा यांत काय फरक आहे, हे आपल्या आलिमसाहेबांना नीट विचारा, ऐकीव गोष्टीवर मुलीचं शिक्षण तोडू नका. आणि मगरिबचं भान सगळ्यांनीच ठेवावं. आपल्याकडे मगरिब जूनमध्ये सव्वासातच्या आसपास होते, डिसेंबरमध्ये सहाच्या आसपास. संध्याकाळी साडेपाचला निघणारी गाडी जूनमध्ये उजेडात पोहोचते, तीच डिसेंबरमध्ये अंधारात. म्हणून हिवाळ्यात थांब्यावर घरचं कुणीतरी न्यायला गेलंच पाहिजे, मुलीला आणि मुलालाही.

खर्चाचं म्हणाल तर ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, मुलांना एक तृतीयांश भाड्यात. पास कसा काढायचा ते शाळा-कॉलेजात विचारा. शाळा-कॉलेज सुरू होताच तो काढून घ्या.

मूल तयार झालं की नाही याचा हिशेब निकालाच्या दिवशी मांडून भागत नाही. आठवीपासूनच बाजारातून एक वस्तू आणायला, नानीच्या गावाला भावंडांबरोबर जायला, गाडीची पाटी वाचायला लावा. आमचा धाकटा सध्या दर जुम्म्याला दुपारी दादींना दवाखान्यात घेऊन जातो. पास, पैसे, गाडी सगळं तोच बघतो. दादी खिडकीशी बसतात आणि मुद्दाम काही बोलत नाहीत.