रणांगण, खेळ आणि रसिक

युद्ध आणि खेळ यांचे नाते फार जुने आहे. चतुरंग हे नावच मुळी सैन्याच्या चार अंगांवरून पडले. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही पटावर उतरली आणि रक्तपात एका चौकोनात बंदिस्त झाला. 1824 मध्ये प्रशियातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेला शिस्त लावून नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला, तेव्हा तो लष्करी शिक्षणाचा भाग झाला. या साऱ्या खेळांत एक सवलत गृहीत धरलेली असते. पटावर मारले गेलेले प्यादे पेटीत जाते आणि पुढच्या डावात पुन्हा आपल्या घरात उभे राहते. खेळातला मृत्यू परत फिरवता येतो. मग ज्यांचा मृत्यू परत फिरवता येणार नाही, ज्यांच्या घरातले सुतक अजून पुरते फिटलेले नाही, अशांच्या लढाईचा खेळ मांडला तर तो कोणत्या वृत्तीने खेळावा?

हा प्रश्न 2021 मध्ये बेंगळुरूत तयार झालेल्या एका खेळाने उभा केला. त्या नगराला दोन्ही गोष्टींचा वारसा आहे. 1638 नंतर शहाजीराजांचे वास्तव्य तेथे झाले. जयराम पिंड्यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्यांच्या दरबाराचे जे दर्शन घडते, त्यात तलवारीइतकाच कवित्वाचाही मान आहे. पुढे इंग्रजांनी तेथे छावणी वसवली. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाचा व्यवसाय त्याच नगरात फोफावला. सैनिकी स्मृती आणि संगणकाची कारागिरी एकाच ठिकाणी नांदत असता त्या दोहोंची कधीतरी गाठ पडणे स्वाभाविकच होते.

15 जून 2020 च्या रात्री गलवान खोऱ्यात भारताचे वीस सैनिक धारातीर्थी पडले. त्या झटापटीचे भीषण वैशिष्ट्य असे, की तिच्यात गोळी सुटली नाही. 1996 च्या करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरांच्या आत गोळीबार न करण्याचे बंधन दोन्ही बाजूंवर होते. दगड, दांडके आणि खिळे ठोकलेल्या सळया यांनीच माणसांनी माणसांना मारले. त्यानंतर 2 सप्टेंबरला भारत सरकारने ‘पबजी मोबाइल’सह 118 चिनी संबंध असलेल्या ॲपवर बंदी घातली आणि दोनच दिवसांनी, 4 सप्टेंबरला, अभिनेता अक्षय कुमार यांनी बेंगळुरूच्या ‘एनकोर गेम्स’ या संस्थेच्या ‘फौजी’ या खेळाची घोषणा केली. निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा ‘भारत के वीर’ या निधीला देण्याचेही जाहीर झाले. 26 जानेवारी 2021 रोजी खेळ खुला झाला. त्याच प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला गलवानमध्ये कामी आलेले कर्नल बी. संतोष बाबू यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले होते. एकाच घटनेचे दोन सन्मान असे एकमेकांना खेटून उभे राहिले. एक राज्याने केलेला, दुसरा बाजाराने.

खेळाची रचना अत्यंत मोजकी होती. आपल्या तुकडीपासून दुरावलेला एक सैनिक साथीदारांच्या शोधात बर्फाळ वाटेने पुढे जातो. वाटेत शत्रू भेटतात. मुठीने आणि हाती लागेल त्या दांडक्याने तो लढतो. थकला की शेकोटीजवळ थांबतो आणि त्याची शक्ती भरून येते. बंदूक नाही, सोबती नाहीत, पुष्कळसे संवादही नाहीत. स्वागत मात्र द्विधा झाले. पहिल्या काही दिवसांतच लक्षावधी लोकांनी तो उतरवून घेतला आणि तितक्याच वेगाने गुणांकन घसरून पाचांपैकी तीनांच्या आसपास आले. देशासाठी पाच तारे देणारा एक वर्ग होता. ‘पबजी’ची उणीव भरून निघेल या आशेने आलेला आणि निराश होऊन एकच तारा देणारा दुसरा. पहिल्याने खेळ पाहिलाच नाही, त्याने विषय पाहिला. दुसऱ्यानेही खेळ पाहिला नाही, त्याने हिरावलेला दुसरा खेळ पाहिला. तीन ही सरासरी कोणाचेच मत नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकाला हे दृश्य अपरिचित वाटू नये. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर आणि 1965 च्या युद्धाच्या काळात मराठीत वीररसाच्या कवितांना पूर आला. विषयाच्या पावित्र्याने कृतीला अभय मिळते. ‘कविता सामान्य आहे’ असे म्हणणे म्हणजे हुतात्म्याला सामान्य म्हणणे, असा विपर्यास होतो. पण रसिकाला कंटाळा येण्याचा हक्क आहे. किंबहुना कंटाळा ही पुष्कळदा रसिकाची पहिली प्रामाणिक टीका असते. ‘तेच तेच शत्रू, त्याच त्याच हालचाली’ ही ‘फौजी’विषयीची तक्रार ओबडधोबड असली, तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. अल्पता आणि उणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ या 1939 च्या कादंबरीत रणांगण नाही. युरोपातून पूर्वेकडे येणारी एक बोट आहे आणि तीवर काही माणसे आहेत. युद्ध दिसत नाही, म्हणूनच ते सर्वत्र जाणवते. ही अल्पता आहे. ध्वनिकारांच्या परिभाषेत, येथे न सांगितलेले सांगितलेल्याला उजळते. खेळांच्या जगातही असे उदाहरण आहे. 1993 मध्ये ‘सेन्सिबल सॉफ्टवेअर’ या इंग्रजी संस्थेने काढलेल्या ‘कॅनन फॉडर’ या खेळात सैनिक केवळ ठिपक्यांएवढे दिसत. परंतु प्रत्येकाला नाव होते. वाचला तर त्याला बढती मिळे; मेला तर त्याचे नाव मृतांच्या यादीत येई आणि टेकडीवर एक थडगे वाढे. टेकडीच्या पायथ्याशी नव्या रंगरुटांची रांग उभी असे.  जूल्स आणि जॉप्स ही पहिल्या दोन रंगरुटांची नावे त्या खेळाच्या चाहत्यांच्या तोंडी आजही आहेत.

‘फौजी’ची बंदूक नसणे ही मुळात अशीच एक मोठी शक्यता होती. ती निर्मात्यांची लहर नव्हती. ती गलवानच्या रात्रीची वस्तुस्थिती होती. हातात शस्त्र असून न चालवण्याचा संयम, थंडी, अंधार आणि शेजारच्या साथीदाराचा न ऐकू येणारा आवाज, एवढ्या सामग्रीतून करुणाची आणि वीराची विलक्षण सांगड घालता आली असती. पण ज्या साथीदारांचा शोध घ्यायचा, ते खेळणाऱ्याचे कधी कोणी झालेच नाहीत. त्यांना नावे मिळाली नाहीत, स्वभाव मिळाले नाहीत. शत्रूलाही चेहरा मिळाला नाही. जेथे हरवण्यासारखे काही नाही तेथे शोधाला अर्थ उरत नाही. ती शेकोटी तर अधिकच बोलकी आहे. गलवानच्या पाण्यात आणि थंडीत ज्यांचे प्राण गेले, त्यांच्या वाट्याला ती आली नव्हती.

खेळणाऱ्यांनी ही उणीव ओळखली, परंतु तिला चुकीचे नाव दिले. त्यांनी बंदूक मागितली. 2021 च्या मध्यास परस्परांशी लढण्याचा नवा प्रकार आला आणि बंदूक मिळाली. तक्रार निवारली गेली; प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण जे हवे होते ते शस्त्र नव्हे, सोबत होती. महाभारताचा अंगी रस शांत आहे, असे आनंदवर्धन म्हणतो. अठरा दिवसांच्या युद्धवर्णनानंतर व्यास वाचकाला स्त्रीपर्वातील कुरुक्षेत्रावर नेतात, तेव्हा त्या विधानाची प्रचीती येते. तेथे गांधारी एकेका प्रेताला ओळखते आणि त्याचे नाव घेते. युद्धाच्या कलेला अखेर हेच करावे लागते.

बेंगळुरूतच राष्ट्रीय सैनिक स्मारक आहे. तेथील शिळांवर हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. त्या रचनेत हालचाल नाही, गुणांकन नाही, नवा डाव नाही. केवळ नावे आहेत. तरीही त्या शिळांसमोरून जाणाऱ्याची पावले मंद होतात, एखादे नाव वाचण्यासाठी तो थांबतो. अल्पतेचे सामर्थ्य कशात असते, याचे उत्तर त्याच नगरात, कोणालाही वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले आहे.