घरी पाठवीन

बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री सेंटरमध्ये मी रिक्रूट होतो तेव्हा सगळ्यांना वाटायचं, आम्ही रगड्याला, म्हणजे शिक्षेच्या कसरतीला, घाबरत असू. तापलेल्या ग्राउंडवर फ्रंट रोल, डोक्यावर रायफल धरून पळणं, उस्तादांच्या शिव्या, यांची आठवडाभरात सवय झाली. भीती होती ती एका वाक्याची : ‘घरी पाठवीन.’

शेजारच्या खाटेवर गोकाककडचा एक मुलगा होता, घरी कन्नड बोलणारा. टाचेच्या फोडांतून रक्त यायचं, तरी सिक रिपोर्टला जाईना. चार दिवस बुडाले की मागच्या बॅचला टाकतील, ही धास्ती. रात्री मी त्याचे पाय बांधून द्यायचो. बाहेर गावात पाट्यांच्या भाषेवरून भांडणं चालायची. आमच्या बॅरेकमध्ये सगळ्यांची एकच ओढ होती, झोपेची.

हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्या निपाणीकडे प्रत्येक फौजी ‘मेजर’च असतो. आता पहाटे भरतीच्या पोरांना पळवतो. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत, मग बीमवर 10 पुल-अप्स. 2020 नंतर दोन वर्षं भरती बंद राहिली, त्यात काहींचं वय निघून गेलं. 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली : चार वर्षं नोकरी, भरती झालेल्यांतले फार तर 25 टक्के पुढे कायम. तरीही मैदान भरलेलंच.

आणि चहाच्या गाड्यावर आमचे एक तंबाखूचे व्यापारी म्हणतात, “मेजर, इस्रायलसारखी फौजेची सक्ती पायजे बघा. पोरं सुतासारखी सरळ होतील.”

त्यांचा एक मुद्दा मला पटतो. व्यापाऱ्याचा मुलगा विड्या वळणारीच्या मुलाशेजारच्या खाटेवर झोपला, तर दोघांचंही भलं होईल. पण सरळ होण्याचं काही खरं नाही. मला सरळ केलं ते घरी जावं लागण्याच्या भीतीनं. ज्याला ओढून आणलंय त्याला उस्ताद म्हणाले, ‘घरी पाठवीन,’ तर तो लगेच ट्रंक भरायला घेईल. मग उस्तादांच्या हाती उरतं काय? तुरुंगाची धमकी. तिच्यावर परेड होईल, पण रात्रीच्या गस्तीला असा माणूस मी माझ्या मागे ठेवणार नाही.

सक्ती आपल्याकडे थोडी करूनही झाली आहे. चीनच्या युद्धानंतर 1963 साली कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची केली होती. माझे थोरले काका तेव्हा शिकत होते. एकानं चौघांची हजेरी लावायची, बूट आळीपाळीनं वापरायचे, असा सगळा कारभार. 1968 ला सक्ती उठली आणि परेडची रांग एकदम आखूड झाली. काका सांगतात, त्या उरलेल्यांतले दोघे-तिघे पुढे फौजेत गेले. स्वतः काका मात्र तंबाखूच्या वखारीत हिशेबाला लागले.