गोळा आणि पोळी

रविवार, दुपार.

कणीक मळून झाल्यावर चार वर्षांच्या नातीला दोन सारखे गोळे दिले. एक तसाच ठेवला, दुसरा तिने पोळपाटावर लाटला. विचारलं, "कशात जास्त कणीक आहे गं?" तिने लगेच पोळीवर बोट ठेवलं. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे मुलांना मातीच्या गोळ्यांवर असंच विचारत. आकार बदलला तरी ऐवज तेवढाच राहतो, ही जाण साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास येते, असं त्यांना आढळलं. मी तिला दुरुस्त केलं नाही. लाटू दे, मोडू दे, पुन्हा गोळा करू दे. हे हातांनीच कळायला हवं.

मग मटार. शेंगेची शीर ओढायची, अंगठ्याने दाणे सारायचे. पुढे पेन्सिल धरणारी चिमूट इथेच तयार होते. कोणत्या शेंगेत जास्त दाणे, हे ती आपणहून मोजत होती.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातल्याच वस्तू शिकवायला घेतल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. खेळण्यांना पैसे नसलेल्या घरातही निवडायला मूठभर डाळ-तांदूळ असतात. विळी आणि गॅस मात्र मोठ्यांकडेच, हे पक्कं.

रात्रभरासाठी मूग भिजत घातलेत. उद्या फडक्यात बांधू. मोड कुठून बाहेर येतो ते तिला बघायचंय, म्हणून थोडे मूग ओल्या कापसावर काचेच्या वाटीत वेगळे ठेवले आहेत.