लिमासोलच्या अंगणातला खरनूब

मुलगा सायप्रसला नोकरीला गेला त्याला पाच वर्षे झाली. माझे जाणे झाले ते गेल्या ऑगस्टमध्ये. लार्नाकाच्या विमानतळाबाहेर पडले की लगेच मिठाचे तळे लागते. उन्हाळ्यात ते आटून पांढरेफेक होते. काठावरच्या खजुरांत एक घुमट दिसतो. ती हजरत उम्मे हराम (रजि.) यांची मजार. हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी २८ च्या सुमारास, त्या पतीसोबत आरमारातून या बेटावर आल्या, खेचरावरून पडल्या आणि इथेच दफन झाल्या. सामान गाडीत ठेवून आधी तिथे फातिहा पढली, मग लिमासोलच्या रस्त्याला लागलो.

रस्ताभर डोंगर भाजून निघालेले. गवत वाळलेले, माती चुनखडीची, पांढरट. लातूरची आठवण झाली. २०१६ साली आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. मुलगा म्हणाला, "अम्मी, इथे २००८ मध्ये ग्रीसहून जहाजाने पाणी आणलं होतं." अशा डोंगरावर मधूनमधून मात्र गर्द हिरवी, घुमटासारखी गोल झाडे उभी होती. मला वाटले करंज असेल.

तेच झाड मुलाच्या भाड्याच्या घराच्या अंगणात निघाले. पाने करंजासारखी पण जाड, चामड्यासारखी. फांद्यांना चिंचेएवढ्या लांब, चपट्या, काळपट तपकिरी शेंगा. घरमालक ऐंशीच्या घरातले ग्रीक आजोबा, शेजारीच राहतात. त्यांनी एक शेंग मोडून हातात दिली. चावली तर गुळासारखी गोड, थोडी तुरट. मुलगा म्हणाला, अरब लोक याला खर्रूब म्हणतात, तुर्क हारूप. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचे अब्बा युनानी दवाखान्यात बसत, त्यांच्या बरण्यांत 'खरनूब शामी' अशी चिठ्ठी लावलेली एक बरणी होती. झाड पाहायला साठ वर्षे लागली.

एके काळी या शेंगांना सायप्रसमध्ये 'काळे सोने' म्हणत, जहाजे भरून परदेशी जात. आजही त्यांचा काकवीसारखा पाक करतात. लेबनॉन-फिलस्तीनकडे तोच पाक तिळाच्या ताहिनीत कालवून भाकरीशी खातात आणि मिसरमध्ये रमजानच्या इफ्तारला खर्रूबचे थंड सरबत असते. बियांपासून निघणारा डिंक आइस्क्रीम दाट करायला वापरतात, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या पोटात तो नकळत गेलेला आहे.

सप्टेंबरात आजोबांनी झाडाखाली चादरी अंथरल्या आणि लांब काठीने शेंगा झोडायला घेतल्या. मी जोरात काठी मारली तसे ते ओरडलेच. जवळ नेऊन दाखवले, जुन्या जाड फांदीच्या सालीतूनच बारीक कळ्या फुटत होत्या. मागच्या वर्षीच्या फुलांची शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागते आणि ती उतरवायच्या वेळी पुढच्या वर्षाची फुले यायला लागतात. घाई करणाऱ्याचे दोन्ही हंगाम जातात.

मुलाने रोपवाटिकेतून एक कलमी रोप आणून ठेवले होते. का, ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्याचे अब्बा गेले तेव्हा त्याला विमान मिळेपर्यंत दफन उरकले होते. हदीसमध्ये आहे, जनाज्याची नमाज अदा करणाऱ्याला एक कीरात सवाब आणि दफन होईपर्यंत थांबणाऱ्याला दोन, आणि एकेक कीरात उहुद पहाडाएवढा. ही हदीस तो दोन वर्षे मनात घेऊन बसला होता. त्या रात्री शेंगा सोलताना त्यानेच सांगितले की सोनाराचा कॅरट आणि कीरात हे शब्द याच बीच्या ग्रीक नावावरून आले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा बिया ठेवल्या. दोन ग्रॅम. तो बराच वेळ काट्याकडे बघत राहिला.

रोपाला मी रोज दोन वेळा पाणी घालत होते. दुष्काळातली बाई, रोप सुकलेले मला बघवत नाही. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडून गळू लागली. आजोबांनी कुंडीतली माती बोटाने उकरली, वास घेतला आणि हसले. खरनूब पाण्यावाचून मरत नाही, मुळाशी पाणी साचून मरतो. मग नळी त्यांच्या ताब्यात गेली.

ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला पाऊस झाल्यावर रोप जमिनीत लावले. खत अजिबात नाही. सोटमूळ दुखावू नये म्हणून मातीचा गड्डा तसाच उतरवला. पहिले दोन उन्हाळे दहा-पंधरा दिवसांनी एकदा भरपूर पाणी, नंतर आकाशावर सोडायचे. बी लावून केले तर गरम पाण्यात रात्रभर भिजवून ती टम्म फुगावी लागते. शिवाय झाड नर निघते की मादी, हे कळायला कित्येक वर्षे जातात. म्हणून कलम बरे. आजोबा तर मादी झाडावर एक नर फांदीही बांधतात.

"घर भाड्याचं आहे, शेंगा कोण खाणार?" मी विचारले. आजोबांनी मोठ्या झाडाकडे बोट केले. १९७४ पूर्वी शेजारी एक तुर्क कुटुंब होते, ते झाड त्यांच्या म्हाताऱ्याने लावलेले. ते उत्तरेकडे गेले, परत आले नाहीत. आजोबा दर साल शेंगा उतरवतात, पण झाड आपले आहे असे अजून म्हणत नाहीत.

बिया मी इकडे आणल्या नाहीत. परवान्याशिवाय आणता येत नाहीत आणि आमच्या पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत त्या पावसाळ्यातच कुजतील. आपल्याकडे चिंच आहे, ती पुरे.

गेल्या जुम्म्याला मुलाने फोटो पाठवला. रोपाला तांबूस कोवळी पालवी आली आहे. शेजारी आजोबांची खुर्ची आणि खुर्चीखाली गुंडाळून ठेवलेली नळी.